डब्बा खाली है

आमच्या घरमालकीणबाई मोटारीत बसून भाजी निवडत. सौंसरला आम्ही त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेलो, त्या दिवशीच मी हे पाहिलं. अंगणात कडुनिंबाखाली लांबलचक काळी अमेरिकन मोटार उभी होती. चाकं अर्धी मातीत गेलेली, आणि ड्रायव्हरच्या जागेवर नऊवारी लुगड्यातल्या एक बाई मांडीवर सूप घेऊन चवळीच्या शेंगा मोडत होत्या. आमची बंडी फाटकातून आत शिरली तसा त्यांनी दारावरचा रबरी भोंगा दाबला. बैल बुजले आणि माझ्या हातातली लोणच्याची बरणी सुटली.

"भाडेकरू हाय का पाहुने?" त्यांनी विचारलं.

"भाडेकरू," माझा नवरा म्हणाला.

"मंग थे सांडलेलं पुसून घ्या. पाहुने असते तं म्याच पुसलं असतं."

मी पदर आणखी पुढे ओढला आणि पुसू लागले. पुढची काही वर्षं मी त्यांच्यासमोर साधारण याच स्थितीत काढली.

माझा नवरा मराठी शाळेत मास्तर होता, म्हणून बाई मला मास्तरीण म्हणत. माझी चौथी झालेली, तीही कशीबशी. परक्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. दारावर कोणी आलं की मी आतून कडी वाजवायची. एकदा वाजवली की मास्तर घरी आहेत, दोनदा वाजवली की नाहीत. येणाऱ्यांना हे ठाऊक झालं होतं. ते बाहेरून विचारत आणि मी कडीने उत्तर देई. बाईंना याचं फार कौतुक. "आमची मास्तरीण तारमास्तरासारखी हाय. तोंडानं काही सांगत नाही, पन सांगते सारं," असं त्या लोकांना सांगत.

बाईंचा दुसरा छंद एरंडेल. शेताच्या बांधावरच्या एरंडीचं तेल त्या काढून आणवत आणि घासलेटाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवत. दर आईतवारी घरातल्या सगळ्या भाडेकरूंच्या पोरांना ओळीत बसवून पळीपळी पाजत. मोठ्यांनाही सुटका नव्हती. एकदा मला माहेरची आठवण येऊन रडू आलं. माझं माहेर नरखेडकडचं, तसं काही लांब नाही, पण आठवण यायला लांब असावं लागतं थोडंच. बाईंनी माझी जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "पोट साफ नाही, म्हनून रडू येते." त्या दिवशी मला माहेर आठवायला पुन्हा सवडच झाली नाही.

बाई स्वतः मात्र एरंडेल कधी घेत नसत. विचारलं कोणी, तर म्हणत, "मी मोटारीत बसतो ना, मले हवा लागते."

मोटार त्यांच्या मालकांनी घेतलेली. साहेब लोक देश सोडून चालले तेव्हा नागपुरात कोणी साहेब ती विकत होता. मालक संत्र्याच्या बागेचे धनी, रामाकोण्याकडे मोठी बाग. त्यांना ती मोटार आवडली ती एकाच गोष्टीसाठी: तिला क्लच नव्हता. गिअर ती आपला आपण बदलायची. ब्रेक आणि अॅक्सिलेटर, दोनच पायटे. मालक म्हणत, दोन पायांच्या माणसाला दोनच पायटे पाहिजेत, तिसरा कशाला. मालकांनी बाईंना वावरातल्या मोकळ्या रानात ती चालवायलाही शिकवलं होतं. त्या काळी सौंसरला बाईने मोटार चालवणं म्हणजे म्हशीने पोथी वाचण्यासारखं. लोक बांधावर बसून बघत.

ती मोटार मेली कशी, ही गोष्ट बाई महिन्यातून एकदा तरी सांगत, आणि सांगताना सुरुवातीला अगदी खुशीत असत.

"आम्ही छिंदवाड्याहून येऊन राहिलो होतो. तिथं पेट्रोल भरलं. तिथला एक मानूस गाडीखाली वाकून पाह्यला अन् ह्यायले म्हने, सेठ, आपका डिब्बा खाली है. गिअरचा डब्बा. आता हे का ऐकून घेनार? हे म्हनले, बाबू, डब्बा खालीच राह्यते, का तुह्या डोस्क्यावर ठेवू? थो नुसता पाह्यतच राह्यला."

इथे सगळे हसत. मीही पदराआड हसे. मग बाई मांडीवरचं सूप बाजूला ठेवत.

"रामाकोन्याच्या अलीकडं रस्ता सरळ हाय. हे म्हनले, घे, तू चालव. मी घेतली. दोन शेतं बी नाही गेली, तं जळका वास आला. गाडी कन्हली अन् बसली. बैलं लावून घरी आनली. भाऊजी फाटकातच उभे. म्हने, वहिनीनं हात लावला अन् गाडी मेली."

"मग मालक काय म्हणाले?" कोणी तरी विचारे.

"हे काही नाही बोलले," बाई म्हणत. "तेच तं लागलं."

पुढच्या वर्षी मालक गेले. नागपूरच्या मिस्त्र्यांनी सांगितलं होतं की असा आपोआप चालणारा डबा इकडे कोणाला उघडताही येत नाही, मग दुरुस्त कोण करणार. बाईंनी त्या डब्याचं नाव मनमर्जी ठेवलं. "आपल्या मनानं गिअर बदलवते, आपल्या मनानं मरते, अन् नाव माह्यं होते," असं म्हणून त्या मोटारीच्या फरशीवर टाच आपटत. मोटार मात्र त्यांनी विकली नाही. तिच्यात बसून भाजी निवडत राहिल्या.

ते दिवस राज्यं नवी होण्याचे होते. सौंसर, पांढुर्णा मुंबईकडे जाणार की इकडेच राहणार, यावर आमच्या ओसरीवर माझा नवरा आणि त्याचे मित्र भांडून चहा थंड करत. बाई मोटारीतून म्हणत, "तुम्ही ठरवून घ्या बापा. माही बाग काही उठून जात नाही." पण त्यांच्या बोलण्यातला काटा वेगळाच होता. बाग उठून जात नव्हती आणि बाईही बागेत जाऊ शकत नव्हत्या. बंडी दिराची, बैल दिराचे, गडी दिराचा. बाईंनी बंडी मागितली की एखादा बैल नेमका लंगडत असे. दरसाल बहार विकत घ्यायला व्यापारी बागेत येत, झाडं बघून भाव बोलत, आणि बाईंच्या वतीने दीर बोलत. बाईंना आपल्या झाडाखाली उभं राहून आपल्या तोंडाने भाव सांगायचा होता. एवढंच.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी दीर अंगणात आले. मोठे देखणे गृहस्थ, कपाळाला गंध, आवाज गोड.

"वहिनी, ही गाडी इथं सडून राहिली. पोळ्याच्या मानापायी दोन दिवस बैलायले जू लावता येत नाही. तिसऱ्या दिवशी दोन जोड्या आनतो अन् ओढून नेतो. माह्याकडं सुधरवतो."

"कायले? मीच सुधरवून राहिली," बाई म्हणाल्या. तोवर त्यांच्या मनातही काही नसावं. मला ते त्यांच्या मानेवरून कळलं.

"तुमच्या हातानं गाडी चालली तं मी गाडीचं नाव नाही घेनार, बागेचं बी नाही. पन त्याच दिवशी व्यापारी येऊन राहिले, आत्ताच सांगून ठेवतो. फाटकाबाहेर नाही निघाली तं मंग दादाची गाडी दादाच्या भावाकडं."

"ऐकलं का वो मास्तरीण?" बाईंनी ओरडून विचारलं. मी आतून एकदा कडी वाजवली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी परासियाकडून मिस्त्री बोलावला. कोळशाच्या खाणींकडचा हा माणूस ट्रक दुरुस्त करणारा. त्याने मोटारीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हसला. असा डबा त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण काढायला येईल, असं तो म्हणाला. त्याच्या जागी मोडीतल्या कोळशाच्या ट्रकचा साधा चार गिअरचा डबा बसवू. क्लच लागेल, पायटा लागेल.

"तीन पायटे?" बाईंनी विचारलं.

"तीन, बाई साहब."

"बसव. ह्या डब्यात सारं मीच करीन ना? मंग मेला तं मान्य करीन, मीच मारला."

मोटार उचलायला काही साधन नव्हतं, म्हणून मोटारीखाली खड्डा खणला. खणणारे गडी संत्र्याची कलमं लावणारे. त्यांनी सवयीने खड्डा चौकोनी केला आणि तळाला शेणखत टाकायचं का म्हणून विचारलं. मिस्त्रीने मधला लांब दांडा सोडवला, बोल्ट सोडवले आणि मोटेच्या नाड्याने बांधून मनमर्जी हळूहळू खड्ड्यात उतरवला. वर काढायला चार माणसं लागली. मिस्त्रीने तो उघडून पाहिला. आतून काळी राख निघाली, तेलाचा थेंब नव्हता. बाईंनी मनमर्जीला पायाने ढकललं आणि एरंडेलाचा डबा त्याच्यावर ठेवायला सांगितला. "आतातरी काही कामी पडू दे."

ट्रकचा डबा बसवायला मला मोटारीत बसवलं. का, तर मी वजनाने हलकी होते आणि सांगितलं तेवढंच करणारी होते. मिस्त्री खड्ड्यात, मी वर. क्लचचा पायटा मी दाबायचा, सोडायचा, आणि तो खालून कांबी आवळणार. पण परक्या पुरुषाला "दाबला" म्हणून ओरडायचं कसं? बाईंनी एरंडेलाची पळी माझ्या हातात दिली. एकदा पत्र्यावर वाजवली की दाबला, दोनदा वाजवली की सोडला. मला इतकं सोयीचं काम आयुष्यात कोणी दिलं नाही. फक्त एकदा मला शिंक आली आणि पळी चार-पाचदा वाजली. मिस्त्री साप निघाला म्हणून खड्ड्यातून उडी मारून बाहेर. त्यानंतर तो आधी विचारी, "बहनजी, छींक है कि क्लच?"

बाईंचा गिअरचा अभ्यास उखळात चालला होता. उखळात मुसळ उभं करून त्या ते चारी बाजूंनी ढकलत. "हा पहिला. हा दुसरा. हा तिसरा." उखळात मिरच्या होत्या. सगळं घर शिंकत होतं आणि मिस्त्री पुन्हा पुन्हा विचारत होता.

आता मला माझी एक गोष्ट सांगावी लागते. ही मी कोणालाच सांगितली नव्हती आणि नवऱ्यालाही शपथ घालून गप्प केलं होतं. लग्नानंतर आम्ही छिंदवाड्याहून सर्व्हिस मोटारीने येत होतो. गर्दी खूप. नवरा पुढे उभा, मी मागे अडकलेली. कंडक्टर मला म्हणाला, "बाई, उधर सीट खाली है, बैठ जाओ." मला हिंदी येत नव्हती, पण खाली तर समजत होतं. मी खाली बसले. कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून, मोटारीच्या फरशीवर, पदर सावरून. लोक माझ्याकडे बघत होते, ते मला वाटलं नवी नवरी म्हणून. शेजारी अख्खं बाकडं रिकामं होतं. सौंसरला उतरताना माझ्या शालूला काय काय लागलं होतं ते लिहीत नाही. नवरा म्हणाला, "अगं, खाली म्हणजे रिकामी." तेव्हापासून मला कोणी हिंदीत बोललं की मी आधी उभीच राहते.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा बसला. गड्यांनी फळ्या टाकून मोटार खड्ड्यावरून पुढे ढकलली, इंजिनही एकदा चालू झालं आणि बाईंनी गूळ वाटला. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पिशवी घेऊन पांढुर्ण्याला निघाला. फाटकातून वळून म्हणाला, "बाई साहब, डिब्बा अभी खाली है. मैं आता हूँ."

"हो बापा, दिसून राहिला," बाई म्हणाल्या. "खालीच बसवला ना तुनं?"

मिस्त्री मान डोलावून गेला. त्याला वाटलं, बाईंना कळलं.

दीर दुपारी येणार होते, ते सकाळीच आले. दोन जोड्या, शिंगांवर पोळ्याचा बेगड अजून चमकत होता. मागे तमाशा बघायला गल्ली जमली. दिरांनी साखळी अंगणात टाकली आणि गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, व्यापारी बागेत पोचले असन आता."

"मंग उशीर कायले करता?" बाई म्हणाल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि मोटारीत बसल्या. "मास्तरीण, बस इकडं. क्लचचं तुले माहीत हाय."

मी पळी घेऊन शेजारी बसले. बाईंनी इंजिन चालू केलं. मोटार थरथरली, बैल दोन पावलं मागे सरले. बाईंनी क्लच दाबला, दांडा हातात धरला. तेवढ्यात मला मिस्त्रीचा शब्द पुन्हा ऐकू आला, आणि त्याच्यामागे कंडक्टरचा, आणि दोघांच्या मागे बाईंच्या गोष्टीतल्या त्या पेट्रोलवाल्याचा. माझ्या पाठीला कोंबड्यांचं खुराडं टोचलं.

मी पळी वाजवली. एकदा, दोनदा, मग थांबलेच नाही.

"शिंक हाय का?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली आणि वाजवत राहिले. बाईंनी इंजिन बंद केलं. दीर, गडी, गल्लीतली माणसं, बैलसुद्धा माझ्याकडे बघत होते.

"बोल वो माय. आता पळीनं नाही समजत."

"बाई," मी म्हणाले, "खाली म्हणजे खाली नव्हे."

कोणी तरी हसलं. दीर म्हणाले, "मास्तरीनीले भोवळ आली वाटते."

"खाली म्हणजे रिकामा," मी म्हणाले. "हिंदीत. डब्यात तेल नाही. मिस्त्री तेल आणायला गेला आहे." आणि मग त्यांना खरं वाटावं म्हणून मी सर्व्हिस मोटार, सीट, कोंबड्या, शालू, सगळं सांगितलं. एवढ्या लोकांसमोर मी त्याआधी कधी बोलले नव्हते आणि बोलले ते हे. गल्ली पोट धरून हसत होती. माझे कान तापले होते, पण एकदा सुरू झाल्यावर थांबायचं कसं ते मला येत नव्हतं, म्हणून शालू धुताना काय झालं तेही सांगितलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या कडुनिंबाखाली पडलेल्या मनमर्जीकडे बघत होत्या.

"छिंदवाड्याच्या त्या मानसानं बी हेच म्हनलं होतं," त्या हळू म्हणाल्या.

"होय, बाई."

"म्हंजे मी हात लावाच्या आधीच थो डब्बा मेला होता."

मी मान डोलावली. माझी तेवढीच हिंदी होती, ती संपली होती.

"भाऊजी, ऐकलं का?" बाई म्हणाल्या. "तुमच्या दादानं जोक मारला अन् त्याच्यापायी गाडी मेली. माह्या हातानं नाही." आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की भोंग्यावर कोपर पडून भोंगाही वाजत राहिला. डोळे पुसत म्हणाल्या, "का तुह्या डोस्क्यावर ठेवू, म्हने. अरे माह्या देवा."

दीर म्हणाले, "ठीक हाय वहिनी, पन तेल तं नाही ना. बैलं लावतो मी."

बाई खाली उतरल्या. खरोखरच्या खाली. सरळ मनमर्जीकडे गेल्या आणि त्याच्यावरचा एरंडेलाचा डबा उचलला. माझ्या पायाखालची फळी काढून, डब्याचं बूच कुठे आहे ते मी दाखवलं. मी तिथे पळी धरून पुष्कळ बसले होते, आणि ते बूच मिस्त्रीने माझ्यादेखतच बसवलं होतं. बाईंनी एरंडेल ओतायला सुरुवात केली. अंगणातल्या पोरांना काय चाललंय ते जरा उशिरा कळलं. मग एकाने आरोळी ठोकली आणि सगळी नाचायला लागली. मी पळीने शेवटचे थेंब निपटून ओतले, पोरांनी सांगितलं म्हणून.

पुढे मिस्त्रीने बूच उघडून वास घेतला, नाक पुसलं. मग म्हणाला, "चलेगा." बाईंनी पुढेही दुसरं तेल घालू दिलं नाही. रामाकोण्यापासून मोहगावापर्यंत ती मोटार आली की पोरं घरात लपत, इतका तिचा वास ओळखीचा झाला होता.

पण त्या सकाळी तिला कोणी ओळखत नव्हतं. बाईंनी पहिला गिअर टाकला. आवाज उखळात दगड पडावा तसा झाला. मोटारीने एक उडी मारली, दुसरी मारली, दिरांच्या साखळीवरून गेली आणि फाटकातून निघाली. बैल दोन्ही बाजूंना उभे होते, बेगड लावलेले, जणू आमच्याच वरातीला आले होते. दुसरा गिअर बाईंनी मुसळासारखा ठोकला. मी पळी छातीशी धरून बसले होते.

रामाकोण्याच्या अलीकडे रस्ता सरळ झाला. बाईंनी वेग कमी केला. हीच ती जागा असणार, मला कळलं. त्यांनी नाक वर करून वास घेतला. एरंडेलाचा होता, जळका नव्हता. पुढे लांबवर त्यांची बाग दिसत होती आणि बागेशी व्यापाऱ्यांच्या बंड्या.

"मास्तरीण, मले नजर लांबची नाही. रस्ता कसा हाय?"

"खाली आहे," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुहा खाली का मिस्त्रीचा खाली?"

"मिस्त्रीचा."

मग त्यांनी तिसरा टाकला.